पंचशीलाच्या साड्या गेल्या कुठं

शनिवार, १५ नोव्हेंबर

शाळेत गेले! सदुसष्टव्या वर्षी! तिसरीतून बापानं शेरडं राखायला काढलं होतं, आन् आज त्याच शाळेच्या व्हरांड्यात पाय ठेवला तर अकरा लेकरं उभी राहिली. "एक साथ नमस्ते आजी!" म्हणलं, बसा बसा, सुया सांडतील.

हरिचंद सरांचं म्हणणं, शनिवारी दप्तर न्हाई, हाताचं काम शिकायचं. ते गोधडी म्हणतात, आमी वाकळ म्हणतो. प्रत्येक लेकरानं आपली वाकळ आपल्या हातानं शिवायची. तीन जानेवारीला सावित्रीमाईच्या जयंतीला समद्या वाकळा दोरीवर टांगायच्या, गाव बघायला येणार. मी दोन कायदे घालून दिले. कापड आपल्याच घरचं, जुनं, अंगावर वापरलेलं. आन् दुसऱ्याच्या वाकळेला हात लावायचा न्हाई — मी बी लावणार न्हाई.

सुरज नावाचं एक कार्टं म्हणलं, "आजी, आमी पोरं हाव." मी म्हणलं, मग तुला थंडी वाजत न्हाई का? समदी खी खी हसली. मी बी हसले. लई मजा आली.

दहा जणांनी गाठोडी आणली. अकरावी मिना — दिपकची पोरगी, माझ्या नातीच्या, ऐश्वर्याच्या वर्गात चौथीला. ती हात हलवत आली. म्हणली, "आमच्या घरी जुनं कापड न्हाई."

जुनं कापड न्हाई असं घर असतंय? तिची आई पंचशीला दोन वर्षाखाली काविळीनं गेली. दहा-बारा तरी साड्या होत्या तिच्या. मला ठावं हाय, आमी एकाच रानात रोजानं जायचो. आन् या उन्हाळ्यात दिपकनं दुसरी केली, निलम. — मला समजायचं ते समजलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

मुद्दाम दिपकच्या दारावरून गेले. शेण आणायला जायचा तो रस्ता न्हाई, तरी गेले. ओट्यावर निलमची भांडी वाळत टाकलेली. एक मोठं स्टीलचं पातेलं, झाकणासकट. नवं कोरं, ऊन पडून डोळ्यात घुसत होतं.

जुन्या साड्या दिल्या की भांडेवाली पातेलं देती. अजून काय पाहिजे?

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज टाचायला शिकवलं. खाली अस्तर पसरायचं, त्यावर भरणाचे धडपे, जुन्या कापडाचे तुकडे, सुरकुती काढून, मग वरचं कापड. मग चारी बाजूंनी लांब लांब टाके घालून टाचून घ्यायचं, म्हणजे आतलं हलत न्हाई. नंतर कडेनं धावदोरा, फेऱ्यावर फेरे, आत आत जात मधात संपवायचं. सुरजनं टाचता टाचता आपली चड्डीच वाकळेला टाचली. उठला तर वाकळ मागं! सर बी खुर्चीतून हसून राहिले.

मिनाला मी माझ्या घरचे धडपे दिले. कायदा मोडला, पण करता काय. पोरीचा हात असा की बघत राहावं. तांदूळ ओळीनं मांडावे तसे टाके. आईचा हात उतरला. पंचशीला अशीच शिवायची. तिची ती हिरवी साडी, पिवळी बारीक फुलं — हळद शिजवायच्या दिवसात काठाला कढईचं पाणी लागलं, ते पिवळं कधी गेलं न्हाई. ती म्हणायची, जाऊ द्या सोजराबाई, फुकटात काठ रंगला. लई हसायची ती.

मिनाला हळूच विचारलं. नवी आई मारती का? "न्हाई." जेवायला देती? "देती." मग तुझ्या आईच्या साड्या काय केल्या तिनं?

पोरीनं मान खाली घातली ती वर केली न्हाई. काई नसतं तर मान कशाला जाती खाली?

सोमवार, २४ नोव्हेंबर

निलमनं धपाटे पाठवले मिनाच्या हाती. वर लोण्याचा गोळा. आता हे काहून? सहा महिन्यात कधी पाठवले न्हाईत. मी चौकशी करते हे कानावर गेलं असंल, तोंड बंद करायला आली.

चार होते. खाल्ले. चांगले होते, ते बी लिहिते. खोटं कशाला लिहू.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

भांडेवाली आली गोरेगावची. डोक्यावर हारा, त्यात डबे, कढया. मी बसवली, पाणी दिलं, चहा दिला. मग विचारलं, दिपकच्या घरून हिरवी साडी आली का, पिवळ्या फुलांची, काठ डागलेला?

"पाच गावचं कापड येतंय बाई, कोणती कोणती याद ठेवू?"

पातेलं तर तूच दिलंस ना त्या घरी?

"दिलं. त्या बाईनं कापड न्हाई दिलं, रोख घेतलं. मीच म्हणलं जुनं काई असंल तर दे, कमी करते. न्हाई म्हणली."

रोख! रोजानं कापूस वेचणारी बाई पातेलं रोख घेती! ह्या दोघी मिळालेल्या हायत. चहा वाया गेला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आज एक अजब दिसलं. दहा जणांचं टाचून झालं, धावदोरा सुरू झाला. मिनाचं टाचणं अजून चालू! मागच्या वेळी तिचं पहिलं झालं होतं, मी ह्या डोळ्यांनी बघितलं. आज बघते तर एक बाजू उसवलेली. वाकळा शाळेतच खोलीत राहतात, किल्ली सरांकडं. मग उसवलं कोणी? मिना म्हणती, "दोरा तुटला." दोरा तुटला तर एका जागी तुटंल, हातभर कसा तुटंल?

आन् दुसरं. शनिवारी दप्तर न्हाई, पण ही पोरगी दप्तर घेऊन येती. समद्यांच्या आधी.

निलमच पोरीचं काम बिघडवून राहिली असंल का? पोरीनं नाव कमावलेलं सोसंना? पण निलम शाळेत जाणार कशी? — जाईल. झाडायला जाते म्हणून जाईल. शोधून काढीन.

मंगळवार, २ डिसेंबर

आज तोंडच सुटलं. हापशावर चार-पाच जणी होत्या, निलमची घागर नंबरात. मी म्हणलं, काही काही घरात मेलेल्या बाईच्या साड्यांचं पातेलं होतंय बाई, आन् तिच्या लेकराला शाळेत दुसऱ्याच्या चिंध्या मागाव्या लागतात.

निलम म्हणली, "मावशी, मला म्हणायचं तर माझ्याकडं बघून म्हणा."

मी बघून म्हणलं. साड्या कुठं हायत पंचशीलाच्या?

"मी आले तव्हा पेटी रिकामी होती."

बस, एवढंच. ना रडली ना भांडली. घागर भरली, गेली. मागं बायांनी तोंडाला पदर लावले. एक म्हणली, "सावत्र ती सावत्रच." मला लई बरं वाटलं. पोरीच्या बाजूनं कोणी तरी बोललं पाहिजे ना!

बुधवार, ३ डिसेंबर

दिपकला गाठलं, ट्रॅक्टरवरून उतरताना. म्हणलं खरं सांग, पेटी तू रिकामी केली? दिपक म्हणला, "आजी, ती गेल्यापासून मी त्या पेटीला हात लावला न्हाई. लावू वाटत न्हाई." डोळे पुसत आत गेला.

हा खोटं बोलत न्हाई. म्हणजे निलमच.

शनिवार, ६ डिसेंबर

आज शिवण न्हाई. समदे विहारात. पांढरं लुगडं नेसून गेले. वंदना चालू होती तर समोर निलम, आन् मिना तिच्या मांडीला टेकून बसलेली. थंडी होती. निलमनं आपल्या शालीचं अर्ध टोक तिच्यावर ओढलं, तिकडं न बघता.

लोकात तसं करावंच लागतंय.

शनिवार, १३ डिसेंबर

समद्यांचे चार-पाच फेरे झाले. ऐश्वर्यानं एक कोपरा वाकडा काढला, म्हणती डिझाईन हाय. मी म्हणलं, व्हय बाई, आमच्या काळी त्याला चूक म्हणायचे. वर्ग हसून राहिला, ती फुगून बसली. घरी येऊन बी फुगलेली. शेवटी गूळ-शेंगदाणे दिले तव्हा बोलली.

मिनाचं टाचणं एकदाचं झालं. आता तीन आठवडे राहिले. पुरं कसं व्हायचं? मी वाकळा उचलून खोलीत ठेवत होते. मिनाची उचलली — आन् हातातून निसटली. एवढी जड! मी तिला चार धडपे दिले होते. चार धडप्याची वाकळ अशी जड होत न्हाई.

मिना पळत आली, माझ्या हातून ओढून घेतली. "मी ठेवते आजी." मला कधी उलट बोलली नव्हती ती पोरगी.

आत काय हाय?

शनिवार, २० डिसेंबर

लिहू का नको. लिहिते.

लेकरं खिचडी खायला गेली. मी खोलीत गेले. मिनाच्या वाकळेची खालची कड धरली अन् सुईच्या टोकानं चार बोटं उसवलं. कायदा मीच घातलेला, दुसऱ्याच्या वाकळेला हात लावायचा न्हाई. लावला.

वर माझा धडपा. त्याच्याखाली निळी साडी. त्याच्याखाली जांभळी. त्याच्याखाली हिरवी, पिवळी फुलं, काठावर हळदीचा डाग.

समद्या साड्या आत! आडव्या, सुरकुती न पडू देता, घडीवर घडी. वरून खालून माझ्या चिंध्यांनी झाकलेल्या. दर शनिवारी दप्तर भरून आणायची, सरांनी खोली उघडली की समद्यांच्या आधी टाचलेलं उसवायची, आत घालायची, परत टाचायची. म्हणून समद्यांच्या मागं.

मागं बघते तर मिना दारात. ताटली हातात. रडली न्हाई. म्हणली, "आजी, सांगू नका कोणाला."

मी म्हणलं, अगं तुझ्याच आईच्या साड्या, लपवायच्या काहून? निलम जाळंल का? विकंल?

"न्हाई. तिचं वाईट होईल. ती मरंल."

कोण म्हणलं तुला असं?

"तुमीच म्हणलं होतं."

व्हय. म्हणलं होतं. आठवलं मला. निलमला येऊन आठवडा झाला असंल, मी त्यांच्या अंगणात चहा प्यायला बसले होते. तिला म्हणलं, बाई, पहिलीचं कापड दुसरीच्या घरात ठेवू नये, दुसरीला आयुष्य राहत न्हाई, वाटून टाक न्हाई तर नदीत सोड. माझी सासू म्हणायची ते तसंच्या तसं तोंडातून निघालं. आमच्या ह्यांनी ऐकलं असतं तर म्हणले असते, बाबासाहेबांनी एवढं सांगितलं तरी तुझ्या डोक्यातलं जात न्हाई. पोरगी तिथंच दारात भांडे घासत होती. मी तिच्याकडं बघितलं बी न्हाई.

पोरीनं दोन्ही ऐकलं. साड्या नदीत सोडायच्या न्हाईत. आन् निलम मरू द्यायची न्हाई. म्हणून गव्हाच्या कोठीमागं लपवल्या, सहा महिने. मग मी वाकळ शिकवायला आले. म्हणली, "वाकळ झाल्यावर ती साडी राहत न्हाई ना आजी? मग चालतंय ना?"

चालतंय, म्हणलं. चालतंय गं माय. कोणी मरत न्हाई. ते मी खोटं बोलले होते.

पोरीनं माझ्याकडं असं बघितलं — आता कोणतं खरं, असं. मी म्हणलं, सांगून टाकू निलमला? तर माझा हात धरून हुंदका दिला. तिला नकोच सांगायला. न्हाई सांगत, म्हणून शब्द दिला. तिचा विश्वास न्हाई माझ्यावर. असावा तरी कसा?

उसवलेलं तिनंच शिवलं. मला हात लावू दिला न्हाई.

मंगळवार, २३ डिसेंबर

अन्न गोड लागंना. निलमचं तोंड डोळ्यांपुढं येतं. हापशावर आता ती बायांच्या आधी जाती, अंधार असताना, एकटी. कोणी तिच्याबरोबर कापसाला जात न्हाई म्हणे. हे मी केलं.

तिची माफी मागावी तर काय म्हणून? साड्या सापडल्या म्हणावं तर म्हणतील, कुठं? पोरीला शब्द दिला. न्हाई सांगावं तर ती बाई जन्मभर चोर.

ऐश्वर्या म्हणती, आजी बोलत काहून न्हाईस, दात दुखतो का? म्हणलं व्हय, दात दुखतो. जीभ दुखती म्हणायला पाहिजे होतं.

रविवार, २८ डिसेंबर

केलं.

हापशावर गर्दी बघूनच गेले. निलम नव्हती. मी म्हणलं, बायांनो, ऐका. निलमनं साड्या विकल्या न्हाईत. पंचशीलाच्या साड्या मी नेल्या. ती गेली त्या दिवसात घर उघडं होतं, गाठोडं उचललं, वाकळेच्या भरणाला. संपून गेल्या. आता जीव खाऊन राहिला म्हणून सांगते.

हापसा थांबला. एक जण पाणी सोडून तशीच उभी.

"आन् नाव निलमचं घेतलं?"

घेतलं, म्हणलं.

"शिव शिव शिव. मेलेल्या बाईचं गाठोडं!"

जळबा म्हातारा बैल पाजायला आलेला, तो म्हणला, "गुरुजीन बाई, लेकरांना सुईच शिकवता का हातचलाखी बी?" समद्या हसल्या. मला बी हसू आलं, काय सांगू! चांगलं बोललं म्हाताऱ्यानं.

घरी आले तर माझ्या आधी बातमी पोचलेली. सून बोलंना. ऐश्वर्यानं विचारलं, "खरं का आजी?" मी म्हणलं, तुझा धावदोरा दाखव.

मंगळवार, ३० डिसेंबर

हरिचंद सर आले. खुर्ची दिली तर बसले न्हाईत. "आजी, पालक बोलून राहिले. तीन तारखेला तुमचा सत्कार ठेवला होता… बघा… या तुमी, पण मागं बसा." मी म्हणलं, सर, सत्कार मला कशाला, सुया मोजून घ्या, अकरा हायत, लेकरांच्या पायात जातील. बिचारे मान खाली घालून गेले.

पुढचे शनिवार दुसरं काई शिकवतील म्हणे. कागदाची फुलं.

शनिवार, ३ जानेवारी

अकरा वाकळा! शाळेच्या अंगणात या खांबापासून त्या खांबापर्यंत. मी गेटापाशी लिंबाखाली बसले, लेकरांच्या चपला होत्या तिथं. तिथून समदं दिसत होतं. माझ्या जन्मात मी किती वाकळा शिवल्या, पण असं मन भरून कधी आलं न्हाई. सुरजनं त्याच्या वाकळेला खिसा लावलाय! झोपताना चिंचा ठेवायला म्हणे. ऐश्वर्याचा वाकडा कोपरा लोकांना खरंच डिझाईन वाटला.

मिनाची शेवटी. मधल्या फेऱ्यापर्यंत पुरी केली पोरीनं. जडपणानं दोरी खाली आलेली. ऊन मागून होतं, बाकी वाकळांतून उजेड दिसत होता, हिच्यातून दिसंना. दोघी-तिघी जवळ गेल्या. एकीनं हात लावला, म्हणली, "एवढं काय भरलंय गं आत?"

मिना पांढरी पडली.

निलम पुढं झाली. वाकळ दोरीवरून काढली, दोन्ही हातावर घेतली, तोलून बघितली. म्हणली, "आमच्या घरी थंडी लई असती. पातळ काय कामाची?" आन् घडी घालून काखेत मारली, मिनाचं बोट धरलं, चालू लागली. माझ्यासमोरून गेली. बघितलं न्हाई.

मिनानं बघितलं. जाता जाता माझ्या पायापाशी वाकली, मला वाटलं चप्पल घालती. माझी चप्पल उलटी पडली होती, ती सुलटी करून ठेवली.

रविवार, ४ जानेवारी

निलम आली. दार लोटून घेतलं. म्हणली, "मावशी, हा आळ अंगावर काहून घेतला? पेटीची चावी मीच खुंटीला टांगली होती, तिचा हात पोचंल अशी. तुमी अंगणात ते बोलल्या त्या दिवशी पोरगी जेवली न्हाई. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दिवसभर रानात थांबले. आले तर पेटी हलकी. मग वाकळ सुरू झाली तर शनिवारी कोठीमागचं गाठोडं हलकं व्हायला लागलं, दप्तर फुगायला लागलं."

मी म्हणलं, मग हापशावर मी एवढं बोलले, तू गप काहून राहिलीस?

म्हणली, "बोलले असते तर तिला कळलं असतं की मला समदं ठावं हाय. मग तिनं एक बी साडी आत घातली नसती."